निघताना मारलेली हाक

१

आमच्या घरात हाक मारली की ‘ओ’ द्यायची पद्धत आहे. बंगळुरात चाळीस वर्षं काढूनही आईनं ज्या गोष्टी सोडल्या नाहीत त्यातली ही एक. ‘काय’ नाही, ‘हां’ नाही, ‘व्हॉट’ तर नाहीच नाही. माझी बायको शमिका पुण्याची, वाद घालण्यात पटाईत. पण तिनंही लग्नानंतर वर्षभरात हात टेकले आणि ओ द्यायला लागली. आमची सहा वर्षांची ईरा तर ओ अशी काही लांबवते की जे. पी. नगरातल्या आमच्या अख्ख्या इमारतीला कळतं, वर कुणाची तरी दुधाची वेळ झाली.

अंदमानहून आल्यापासून मात्र तिनं ओ देणं बंद केलं होतं. हाक मारली की नुसती येऊन उभी राहायची. विमानतळावरून घरी येताना हेब्बाळच्या पुलावर आमची टॅक्सी अडकली होती, तेव्हा शमिकानं तिला पाणी हवं का म्हणून दोनदा हाक मारली, तर तिनं फक्त मान वळवून बघितलं. दमली असेल, असं आम्ही म्हणालो. मग शाळा सुरू झाली, दमणूक कधीच संपली, तरी ओ काही परत आली नाही. शमिकानं कानाच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. कान ठणठणीत निघाले.

म्हणून त्या संध्याकाळी आईनं स्वयंपाकघरातून “ईरा, दूध घे गं,” म्हणून हाक मारली आणि “ओऽ” ऐकू आली, तेव्हा आई खूश झाली. “आली बाई जीभ ठिकाणावर,” असं ती म्हणालीसुद्धा.

मी हॉलमध्ये बसलो होतो. आवाज गॅलरीकडून आला म्हणून मी गॅलरीकडे बघितलं. तिथं वाळत घातलेले टॉवेल होते, बाकी कुणी नव्हतं. ईरा माझ्या पाठीमागून, आतल्या खोलीतून आली आणि न बोलता स्वयंपाकघरात गेली.

२

अंदमानला आम्ही बंगळूरच्याच एका लहानशा टूर कंपनीबरोबर गेलो होतो. बरोबर ज्योतिबा नावाचा गाईड होता. निपाणीकडचा, बोलका, अर्ध्या वाक्यात मराठी आणि अर्ध्या वाक्यात कन्नड. एका दिवसात बोटीनं तीन बेटं दाखवायचा कार्यक्रम होता. सकाळी जेट्टीवर सगळ्यांना नारिंगी लाइफ जॅकेटं चढवली, इडलीची पाकिटं वाटली आणि आम्ही निघालो. पहिल्या दोन बेटांवर शहाळी, भेळ, फोटो काढणारे, सगळं यथास्थित होतं. माझे वडील, अप्पा, गेल्यापासून आई पहिल्यांदाच मोकळेपणानं हसत होती.

तिसरं बेट अगदीच लहान होतं. पांढरी वाळू आणि पाण्यापर्यंत आलेली गर्द झाडं. दुकान नाही, दुसरी बोट नाही. उतरायच्या आधी ज्योतिबानं सूचना दिली, “हे बघा मंडळी, निघायची वेळ झाली की मी शिट्टी मारनार. शिट्टी झाली की बोटीत बसायचं. कुनी कुनाला नावानं हाका मारायच्या नाहीत.”

“का हो?” आईनं विचारलं.

“असंच अक्का. बोटवाल्यांची पद्धत हाय. गोंधळ होतो, दुसरं काय.”

आता आईची आणखी एक पद्धत सांगायला हवी. कुठूनही निघताना मूल झोपलेलं असेल तर ती त्याला हाक मारून घेते. नव्या जागेत मुलाचं मन रमतं आणि मागंच राहून जातं, म्हणून नाव घेऊन तीनदा ‘घरी चल’ म्हणायचं. माझ्यासाठी तिनं हे स्टेशनवर केलंय, लग्नाच्या कार्यालयांत केलंय, एकदा तर दाताच्या दवाखान्यातसुद्धा केलंय, आणि मी तेव्हा चांगला आठवीत होतो.

ईरा पाण्यात मनसोक्त खेळली आणि मग झाडांखाली चटईवर झोपून गेली. आम्ही तिघं जरा पुढं, पाण्याच्या कडेला बसलो होतो. शिट्टी झाली तशी मी जाऊन तिला उचललं. ऊन लागू नये म्हणून तिच्या तोंडावर टॉवेल होता. गुडघाभर पाण्यातून चालत मी तिला बोटीपर्यंत आणलं आणि शमिकाच्या मांडीवर दिलं. इंजिन सुरू झालं. आणि आई दांडीला धरून उभी राहिली, किनाऱ्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, “ईरा, चल गं बाळ. आपल्या घरी चल.”

ज्योतिबा “अक्का, नको,” म्हणेपर्यंत तिचं तीनदा म्हणून झालं होतं.

“ओऽ,” झाडांमधून आवाज आला.

बोटीतले सगळे हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सुकाणूवरच्या म्हाताऱ्यानं मात्र मागं न बघता बोट जोरात सोडली, इतकी की आई मटकन खाली बसली. ईरा शमिकाच्या मांडीवर गाढ झोपली होती.

“एको आहे,” मी म्हणालो. विमानाचे सुटे भाग हादरवून ते कुठं तडकतात हे बघायची माझी सरकारी नोकरी आहे. आवाज आणि कंपनं यांच्यावर माझं पोट चालतं. मऊ वाळू आणि दाट झाडं आवाज गिळून टाकतात, परत करत नाहीत, हे मला बोटीतही ठाऊक होतं. आणि एको झालाच तर जे बोललं तेच परत येतं.

३

गॅलरीतून आलेल्या त्या ओचा मी दुसऱ्याच दिवशी छडा लावला, निदान तसं मला वाटलं. समोर काचेची नवी इमारत झालीय. तिथं एखादी ईरा राहत असणार. आजकाल दर तिसऱ्या मुलीचं नाव ईरा असतं. तिला तिची आई हाक मारते, ती ओ देते, आणि ती काचेवर आपटून आमच्याकडे येते. शमिकाला हे पटलं. समोरच्या कानडी घरात ओ कशाला देतील, असं आईनं विचारलं, तेव्हा मी तिला उडवून लावलं.

पण नंतर मी घरी असलो की माझे कान आपोआप टवकारायला लागले. शमिकानं हाक मारली की ओ खालून यायची, रस्त्याच्या बाजूनं, लांबून. हाक आणि ओ यांच्यामध्ये जरा वेळ जायचा, जणू कुणी ऐकून, थांबून, मग उत्तर देत होतं. दोन-चार दिवसांनी ती इमारतीच्या फाटकापाशी आली. मग पार्किंगमध्ये, जिथं प्रत्येक आवाज घुमतो. मी गॅलरीतून वाकून बघायचो तर खाली वॉचमनची रिकामी खुर्ची आणि उन्हात तापलेल्या गाड्या. सगळं भर दिवसा चाललेलं, कुकरच्या शिट्ट्या होताहेत, भाजीवाला ओरडतोय, आणि मी आपला कठड्याला धरून घामाघूम.

मी एक चाचणी घेतली. नोकरीतली सवय. ईराला समोर खुर्चीवर बसवलं, तिच्या ओठांकडे बघत राहिलो आणि तिला हाक मारली.

ओठ हलले नाहीत. ओ पार्किंगमधून आली. आणि ईरानं डोळे गच्च मिटून घेतले.

“तुला ऐकू आलं?” मी विचारलं.

तिनं मान हलवली. हो म्हणून.

“कोण आहे ते?”

ती खुर्चीवरून उतरली, माझ्या पोटाला मिठी मारली आणि किती तरी वेळ सोडलीच नाही. मला त्या क्षणी विलक्षण भीती वाटली, आणि त्याहून जास्त तिची माया आली.

४

आमच्या फाटकाशेजारी गंगव्वाचं इस्त्रीचं टपरं आहे. एका दुपारी कपडे आणायला मी खाली गेलो, तर ती कोळशाची इस्त्री बाजूला ठेवून मलाच रागावली.

“अण्णा, पापूला असं एकटं खाली सोडू नका हं. किती ऊन हाय बघा.”

“कुणाला?”

“तुमच्या पापूला, पोरीला की. मघापास्नं त्या खांबामागं उभी होती. मी म्हटलं, वर जा गं, अज्जी वाट बघत असंल. तर म्हनती, अजून हाक मारली नाही.”

खांबामागं कुणी नव्हतं. मी इस्त्रीचे कपडे तिथंच टाकून जिन्यानं धावत वर आलो. ईरा शमिकापुढं जमिनीवर बसली होती आणि शमिका तिच्या केसांना तेल लावत होती. सकाळपासून दोघी घराबाहेर पडल्याच नव्हत्या.

मी ज्योतिबाला फोन लावला. टूरच्या ग्रुपवर त्याचा नंबर होता. फोन करताना मला माझीच लाज वाटत होती.

“साहेब, मला खरंच काय ठाऊक नाही,” तो म्हणाला. “त्या बेटावर मीबी पयल्यांदाच गेलतो. बोटवाला म्हनला नावं घेऊ देऊ नको, मी तुमाला सांगितलं. अक्कांनी ऐकलं नाही. आता रेटिंग देताना एवढं मनात धरू नका.” मग त्यानं विचारलं, “पोरगी बरी हाय न्हवं?”

“बरी आहे.”

“मग झालं की.”

त्या दिवसापासून मी घरात ईराचं नाव घ्यायचं नाही असा नियम केला. पिल्लू म्हणा, बाळा म्हणा, मॅडम म्हणा, काहीही म्हणा. शमिका भडकली. “सुहास, लिसन टू युवरसेल्फ! आईंचं ठीक आहे, तू इंजिनिअर आहेस ना?” पण तिनंही नियम पाळला. तीही घाबरली होती, फक्त कबूल करत नव्हती. आणि नियम लागू पडला. नाव घेतलं नाही की ओ येत नव्हती. घर शांत झालं. ईरा पुन्हा खेळायला लागली, खिदळायला लागली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

५

आईला मात्र ती शांतता मानवली नव्हती. ती ईराकडे बघत राहायची, पण जवळ घ्यायची नाही. एके दिवशी मी ऑफिसला निघताना तिनं मला जिन्यात गाठलं.

“ती आता दूध मागून पिते,” आई म्हणाली.

“चांगलं आहे की.”

“काल कारल्याची भाजी दोनदा घेतली. केस विंचरताना रडत नाही. मला कधी ‘आज्जी, सरक ना’ म्हणत नाही. सुहास, आपली ईरा इतकी गुणी कधी होती?”

मी हसायचा प्रयत्न केला. “पोरगी शहाणी झाली म्हणून कुणी तक्रार करतं का, आई?”

“तू तिला उचललंस तेव्हा तोंड बघितलं होतंस?”

तोंडावर टॉवेल होता. चटई तीच होती, झाड तेच होतं, लाइफ जॅकेट तेच होतं. माझी मुलगी हातात घेतल्यावर मला कळणार नाही का? हे मी मनातल्या मनात इतक्यांदा म्हटलं की त्याचा काही अर्थच उरला नाही.

“मी हाक मारली तिथं कुणीतरी ओ दिली,” आई म्हणाली. “आपलं पोर मागं राहिलं होतं म्हणून दिली. आणि मी घरी चल म्हटलं म्हणून ती आली. चालत आलीय रे ती.”

“समुद्रातून?”

“ते मला नाही ठाऊक. दारापर्यंत आलीय आणि तू तिचं नाव घेऊ देत नाहीस.”

मी आईवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. वर दार किलकिलं होतं आणि त्यात ईरा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा असा झाला होता की मी ऑफिसला गेलोच नाही.

६

संक्रांतीला बंगळुरात लहान मुली परकर-पोलकी घालून घरोघरी तीळ-गूळ वाटत फिरतात. सकाळपासून बेल वाजत असते, आणि कोण आहे हे न विचारता दार उघडायचं असतं. आई दरवर्षी त्या पोरींची वाट बघते. यंदाही तिनं सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, प्रत्येकीच्या तोंडाकडे निरखून बघितलं, आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा पडला. शमिकानं ईराला निळा परकर नेसवला, पण ती बाहेर पडायला तयार होईना. मुली दारात आल्या की आत पळायची. शेवटी दुपारी शमिका एकटीच ताट घेऊन शेजारच्या इमारतीत गेली.

घर शांत झालं. मी आतल्या खोलीत ईराला चित्र काढून देत होतो. तेवढ्यात पुढच्या दाराची कडी काढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आईचा.

“ईरा, चल गं बाळ. आपल्या घरी चल.”

मी उठलो तोवर ओ आली होती. खालच्या मजल्यावरून.

“ईरा, चल गं बाळ. आपल्या घरी चल.”

अनवाणी पावलं जिना चढत होती. लहान पावलं, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. ईरा जिना असाच चढते.

तिसऱ्यांदा आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी तिला मागं ओढलं, दार लोटलं आणि कडी घातली. आई भिंतीवर आदळली. तिला लागलं असेल. मी बघितलंही नाही.

पावलं दारापाशी येऊन थांबली. मग दारावर थाप पडली, खूप खाली, माझ्या मांडीच्या उंचीवर.

“आज्जी,” बाहेरून आवाज आला. “आले मी.”

आवाज ईराचा होता. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. घसा कोरडा पडलेला, पण ईराचाच.

मी दाराच्या भिंगाला डोळा लावला. बुटकं मूल दाराला इतकं चिकटून उभं होतं की मला फक्त डोकं दिसलं, वरून. केस मिठानं ताठ झालेले, आणि मधला भांग उन्हानं भाजून काळा पडलेला, सालपटं निघालेला. त्या एका दिवसाच्या उन्हानं माझ्याही टाळूची सालं निघाली होती, पण हे एका दिवसाचं ऊन नव्हतं. डोकं जरा मागं झुकलं. ती आता वर बघणार असं वाटलं आणि मी डोळा काढून घेतला.

माझा शर्ट मागून कुणीतरी धरला होता. मी खाली बघितलं. ईराचा भांग पांढरा होता, तुळतुळीत, कोवळा, कधी ऊन न लागलेला.

“सुहास, दार उघड,” आई म्हणाली. ती हात जोडून उभी होती. “ती आपली आहे रे. तिला तहान लागली असेल.”

“बाबा,” बाहेरून आवाज आला. “उघड ना.”

शर्ट धरलेली मूठ आणखी घट्ट झाली. ईरा माझ्याकडे बघत होती, डोळे पाण्यानं भरलेले. महिनाभर रोज रात्री माझं बोट धरून झोपलेली माझी मुलगी.

“बाबा,” ती अगदी हळू म्हणाली. “तिला आत घेतलं तर मी कुठं जाऊ?”

७

मी दार उघडलं नाही.

दाराला पाठ लावून खाली बसलो. आई कडीकडे हात नेत होती, तिचा हात मी धरून ठेवला. ती रडत होती, मला नाही नाही ते बोलत होती. पलीकडे कुणीतरी दाराला टेकून खाली बसल्यासारखं वाटलं. लाकूड माझ्या पाठीला गरम लागायला लागलं, तापानं फणफणलेलं मूल कुशीत घ्यावं तसं. थाप पुन्हा पडली नाही. एकदा फक्त नाक ओढल्याचा आवाज आला. मग हळूहळू ते लाकूड गार पडत गेलं, ईरा आतल्या खोलीत निघून गेली, आणि मी तसाच बसून राहिलो.

लिफ्टचं दार वाजलं. शमिका आली होती. मी कडी काढली तेव्हा बाहेर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ती हातात रिकामं ताट घेऊन उभी होती, आनंदात होती, कुणीतरी तिच्या कानडीचं कौतुक केलं होतं. त्या नादात ती नियम विसरली आणि आत येता येता हाक मारली, “ईराऽ!”

“ओऽ!”

लगेच आली. आमच्या घरातून, आतल्या खोलीतून, मोठी आणि छान लांबवलेली. शमिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. “ऐकलंस? सुहास, ऐकलंस ना?”

मी ऐकलं होतं. तो आवाज मी इतके दिवस रस्त्यावरून, पार्किंगमधून, जिन्यातून ऐकत आलो होतो, आणि आत्ता थोड्या वेळापूर्वी दाराबाहेरून. आईनंही तो ओळखला. ती चपला न घालताच जिना उतरून खाली गेली, आणि ‘ईरा, ईरा’ म्हणत फाटकाबाहेर हाका मारत फिरायला लागली. वर गॅलरीत मला तिची प्रत्येक हाक ऐकू येत होती. प्रत्येक हाकेला ओ येत होती, ती माझ्या शेजारून.

“आज्जी वेडी आहे ना, बाबा?” ईरा म्हणाली, आणि माझ्या कमरेला बिलगली.

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार होतो?